काचेच्या टाकीतली प्रवाळाची बाग

पोवळे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते ते अंगठीत. मंगळाचा खडा म्हणून सोनाराने बसवून दिलेले, तांबडे, गुळगुळीत. हा खडा म्हणजे समुद्रातल्या एका प्राण्याचा सांगाडा आहे असे सांगितले, तर घरातली पोरे खो-खो हसतात आणि म्हातारी माणसे आपल्याकडे संशयाने पाहतात. पण ते खरे आहे. अंगठीतले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि कमी उजेडाच्या, गार पाण्यात अगदी सावकाश वाढते. आज तुम्हाला सांगायचे आहे ते त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या मंडळींविषयी. उथळ, ऊबदार, उन्हाने उजळलेल्या समुद्रात प्रवाळाची रंगीत रानेच्या राने उभी असतात. त्यातले लहानसे रान काही हौशी माणसे घरातल्या काचेच्या टाकीत वाढवतात. युरोप-अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजला आहे. जर्मनीत असलेल्या भाच्याच्या घरी गेल्या उन्हाळ्यात आम्ही अडीच महिने राहिलो, तेव्हा तो मला जवळून पाहायला मिळाला. त्या टाकीवर आमच्याच हातून एक संकटही आले. ते पुढे सांगतोच.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरात या माहितीचा काय उपयोग? मलाही आधी तसेच वाटले होते. भाचा तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा. दाजींनी पहिल्या दिवशी ती टाकी, तिच्यावरचे निळे दिवे आणि खालच्या कपाटातली यंत्रे पाहिली आणि म्हणाले, "हे म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात." आठ दिवसांनी तेच दाजी सकाळचा चहा घेऊन टाकीपुढे बसू लागले. कारण त्यांच्या ध्यानात आले, की पोरगा परदेशात जाऊनही बागच करतो आहे. फक्त माती नाही, एवढेच.

दगडात राहणारा जीव

प्रवाळ हा झाडासारखा दिसतो आणि हाताला दगडासारखा लागतो, पण तो प्राणी आहे. एकेक जीव ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. मऊ पिशवीसारखे शरीर, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक शुंडांचे कडे. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना काढून आपल्याखाली दगडी घर बांधत जातात. आपण ज्याला प्रवाळाची फांदी म्हणतो, ती म्हणजे वरती कातडीएवढा पातळ जिवंत थर आणि आत चुन्याचा दगड.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. त्या मऊ कातडीच्या आत सूक्ष्म शेवाळ राहते. एका चौरस सेंटीमीटरमध्ये त्याच्या दहा लाखांच्या घरात पेशी असतात. हे शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. काही जातींत प्रवाळाच्या शक्तीची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज यातून भागते. भुईमुगाचे झाड उपटून मुळावरच्या गाठी तुम्ही पाहिल्या असतील. तिथले जिवाणू झाडाला नत्र देतात आणि झाड त्यांना साखर देते. हा व्यवहार तसाच. मात्र तो फार नाजूक आहे. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या भाडेकरूला बाहेर काढून टाकतो. रंग त्या शेवाळाबरोबर जातो आणि खालचा पांढरा दगड दिसू लागतो. जीव तेव्हा मेलेला नसतो, पण उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शेवाळ परत येते. नाही निवले, तर प्रवाळ मरतो.

टाकीत नेमके काय सांभाळायचे, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे. आतल्या शेवाळाला उजेड आणि बाहेरच्या दगडाला चुना. बाकी सारी उठाठेव हे दोन्ही एकसारखे राहावे म्हणून.

आधी पाणी, मग बाकीचे

नळाचे पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन असते, नत्र असते, कधी नळीतले तांबे उतरलेले असते. ते गाळणीच्या यंत्रातून काढून जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके शुद्ध करतात आणि मग त्यात समुद्री क्षारांचे तयार मिश्रण मोजून घालतात. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस. सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास. भाचा दर रविवारी परीक्षानळ्या मांडून बसतो. दाजींनी विचारले, "माती परीक्षण का?" तो म्हणाला, "हो, फक्त दर आठवड्याला."

नव्या टाकीत पहिल्या दिवशी प्रवाळ सोडला तर तो हमखास मरतो. आधी नुसते सच्छिद्र खडक ठेवून पाणी फिरते ठेवावे लागते. त्या खडकांवर जिवाणू वस्ती करतात. माशाच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात. शेणखत कुजते तेव्हा आपल्या जमिनीतही हेच घडते. याला चार ते सहा आठवडे लागतात आणि नाजूक जातींसाठी तर कित्येक महिने थांबणे बरे. ज्याला थांबणे जमत नाही त्याने या छंदाच्या वाटेला जाऊ नये. कच्चे शेणखत घालून लगेच रोप लावणाऱ्याचे काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

खडकांनीच पाणी स्वच्छ ठेवावे, ही युक्ती १९६१ साली इंडोनेशियातल्या जाकार्ता शहरातल्या ली चिन इंग या गृहस्थांनी एका मत्स्यपालनाच्या मासिकात लिहून जगापुढे मांडली. समुद्रातले जिवंत खडक, समुद्राचेच पाणी आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते टाकी चालवत. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याच वाटेने जाऊन त्यात फेस काढणाऱ्या यंत्राची भर घातली. ऊस गाळल्यावर काहिलीवर मळी येते आणि आपण ती काढून टाकतो, तसे हे यंत्र पाण्यातली घाण फेसाबरोबर वर आणून बाजूला काढते.

चुन्याची निवळी

दाजी ज्या गोष्टीवर सर्वांत खूश झाले ती ही. प्रवाळ वाढू लागला की तो पाण्यातला चुना भराभर खातो. पाण्यात कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम लागते आणि कार्बोनेटची पातळी ७ ते ९ जर्मन अंशांत स्थिर असावी लागते. ती भरून कशी काढायची? जर्मनीतल्या जुन्या जाणत्यांनी काढलेला उपाय म्हणजे चुन्याची निवळी! आपल्या आजीच्या फडताळातली, लेकराच्या हाडासाठी राखलेली, तीच. रासायनिकदृष्ट्या शुद्ध चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर बसू द्यायचा, तळाचा गाळ न हलवता वरचे निवळ पाणी घ्यायचे आणि थेंब थेंब टाकीत सोडायचे. तेही रात्री. कारण दिवे मालवले की शेवाळाचे काम थांबते, पाण्यात कर्बवायू साठतो आणि सामू उतरतो. चुना तो वर धरून ठेवतो.

निवळी फार तेज असते, तिचा सामू बाराच्या वर जातो. लोटाभर एकदम ओतली तर सगळे संपलेच. आणि पानपट्टीचा चुना यासाठी वापरू नये, हेही भाच्याने बजावून सांगितले. त्यात आणखी काय मिसळलेले असेल याचा नेम नाही.

उजेड सुद्धा असाच हळूहळू द्यावा लागतो. दिवसाचे आठ ते दहा तास दिवे चालतात आणि त्यात निळा प्रकाश जास्त, कारण समुद्रात खोलवर पोचतो तो निळाच. नवा प्रवाळ आणल्यावर लगेच भर दिव्याखाली ठेवला तर तो भाजतो. रोपवाटिकेतले रोप सावलीतून उन्हात आणताना आपण घेतो ती सगळी काळजी इथेही घ्यायची. शिवाय पाणी सतत हलते हवे. तेही एकाच बाजूने नव्हे, लाटेसारखे इकडून तिकडे. साचलेल्या पाण्यात प्रवाळाच्या अंगावर घाण बसते आणि तिथून तो सडू लागतो.

जास्त खत, जास्त तण

नत्र आणि स्फुरद या दोन शब्दांनी आपली अर्धी शेती भरलेली आहे. टाकीतही तेच. माशांना चारा जास्त घातला की पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढते, मग हिरवे केसाळ शेवाळ उगवते आणि ते प्रवाळाला झाकून टाकते. पण ही दोन्ही शून्यावर आणली तरी चालत नाही. तसे केले तर प्रवाळ फिकट पडतो, कारण आतल्या भाडेकरूला थोडे खत लागतेच. थोडे, एवढेच उत्तर आहे. भाच्याने पहिल्या वर्षी दोन्ही चुका करून पाहिल्या.

तणही आहे. एक इवले तपकिरी समुद्रफूल खडकाबरोबर चोरून येते आणि शेजारच्या प्रवाळाला डंख मारत पसरते. ते उपटायला जावे तर तुटलेल्या कणाकणातून नवे उगवते. लव्हाळ्याशी झगडलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यावर एक लहान झिंगा सोडतात, तो ते खातो. म्हणजे मित्रकीटक आले. नवा प्रवाळ आणला की औषधाच्या पाण्यात बुडवून निरखून घ्यायचा आणि काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचा. प्रवाळाच्या अंगाला अगदी त्याच्याच रंगाचे चपटे किडे चिकटलेले असतात, ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. लागवडीचे अंतरही पाळावे लागते. काही जाती रात्री लांब शुंडा बाहेर काढून शेजाऱ्याला जाळतात, त्यामुळे दोघांत वीतभर तरी जागा सोडतात.

आणि मोरचूद! माशांना परोपजीवींचा रोग झाला की त्यावर तांब्याचे औषध चालते. पण तेच पाणी प्रवाळाला विष आहे, अगदी थोडेसे असले तरी. दाजी द्राक्षावर केवडा आला की बोर्डो मिश्रण मारणारे. त्यांनी सहज विचारले, "थोडे मोरचूद टाकले तर?" भाचा ओरडलाच.

एक सावधगिरी माणसासाठीही आहे. बटणासारख्या दिसणाऱ्या काही मऊ जातींत अतिशय जहाल विष असते. त्यांना उघड्या हाताने, विशेषतः हाताला जखम असताना, शिवू नये. खडक स्वच्छ करायला म्हणून तो उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नये. त्या वाफेने घरची घरे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत.

आपल्याकडे मात्र हात लावू नका

हे वाचून कुणा तरुण वाचकाला वाटेल, मालवणला जाऊन एक तुकडा आणावा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत, ही गोष्ट खरी. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पण दगडी प्रवाळ, काळा प्रवाळ, समुद्रपंखा या साऱ्यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलेले आहे. तिथेच वाघही आहे. प्रवाळ काढणे, विकणे, घरात ठेवणे यासाठी तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. मेलेला, वाळलेला, शोभेच्या कपाटातला तुकडासुद्धा त्यात येतो. शहरातल्या एखाद्या दुकानात कुणी 'परदेशी माल आहे, चालतो' म्हणून देऊ लागला, तर हात जोडून बाहेर पडा. एके काळी मन्नारच्या आखातातून प्रवाळ गाड्या भरभरून काढले जात आणि चुन्याच्या भट्टीत जात. गेलेले रान परत उभे राहायला फार वर्षे लागतात.

जर्मनीत हा छंद कायदेशीर आहे, पण तिथेही कागदपत्र लागते, कारण दगडी प्रवाळाच्या जगभरातल्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. इंडोनेशियाने २०१८ साली प्रवाळाची निर्यातच थांबवली होती. २०२० च्या सुरुवातीला ती पुन्हा उघडली, ती शेती करून वाढवलेल्या प्रवाळापुरती. हो, शेतीच. बालीसारख्या बेटांवर उथळ समुद्राच्या तळाशी मांडव घालून त्यावर प्रवाळाची कलमे ओळीने लावतात आणि काही महिन्यांनी काढणी करतात.

प्रवाळाचे कलम अगदी सोपे आहे. फांदी कापायची आणि तुकडा डिंकासारख्या चिकट द्रव्याने छोट्या चकतीवर बसवायचा. आपण उसाची टिपरी लावतो तसेच. बर्लिनमधले डिट्रिश श्ट्यूबर नावाचे एक जुने हौशी आपल्याकडच्या एका अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या कापून इतरांना देत गेले. त्या एका बेण्याचे तुकडे युरोपभरच्या टाक्यांत पोचले आणि ती जात त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. चांगल्या वाणाची काडी शेजाऱ्याला देणारा माणूस सगळीकडे सारखाच.

या हौशी मंडळींचे ज्ञान आता मोठ्या कामाला येते आहे. समुद्र तापल्याने १९९८ पासून जगभरच्या प्रवाळावर पांढरे पडण्याचे तडाखे बसत आहेत. असे चौथे जागतिक संकट सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात टाकीतल्या पाण्याचे तापमान ऋतूंप्रमाणे बदलून आणि कृत्रिम चंद्रप्रकाश तिथीप्रमाणे कमी-जास्त करून प्रवाळाला वीण करायला लावले. प्रवाळ समुद्रात वर्षातून ठरावीक रात्री, पौर्णिमेच्या मागेपुढे वितो. पंचांग त्याला आपल्याइतकेच कळते!

आमच्या हातून झालेली चूक

आता ती गोष्ट. भाचा कामानिमित्त बारा दिवस बाहेरगावी गेला. जाताना दाजींना म्हणाला, "पाणी रोज थोडे उडते. खुणेपर्यंत भरत जा." कपाटात दोन पिंपे होती. एकात शुद्ध गोडे पाणी, दुसऱ्यात तयार खारे. कोणते घालायचे हे त्याने सांगितले नाही. त्याला ते सांगण्यासारखे वाटलेच नसेल. आम्ही दोघांनी विचार केला, समुद्राचे पाणी कमी झाले आहे, तर समुद्राचेच घालावे. दाजी मापाने घालत. टाकी ४०० लिटरची, रोज साधारण पाच लिटर. खारे पाणी संपत आल्यावर पिशवीतला क्षार मोजून नवे करायलाही आम्ही शिकलो. मला तर आमचा अभिमान वाटत होता.

नवव्या दिवशी शिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळाचे बुंधे पांढरे दिसू लागले. बाकीच्या जातींनी तोंडे मिटली. आम्हाला वाटले, मालक नाही म्हणून रुसले असतील. बाराव्या दिवशी संध्याकाळी दाजी टाकीपुढे बसले होते. काचेच्या वरच्या कडेला पांढरी खरड धरली होती. त्यांनी ती बोटाने घेऊन जिभेला लावली आणि एकदम उठले. "अरे, पाणी उडाले, मीठ कुठे उडाले? आपण तर रान क्षारपड केले."

नदीकाठची जमीन जादा पाण्याने क्षारपड होताना ज्या माणसाने डोळ्यांनी पाहिली, त्याच्या हातून हे झाले होते. हिशेब सोपा होता. बारा दिवसांत साठ लिटर खारे पाणी, म्हणजे दोन किलोच्या वर मीठ जादा. लिटरला ३५ ग्रॅमचे ४० ग्रॅम झाले होते.

भाचा त्याच रात्री आला. तो रागावला नाही, पण बराच वेळ बोललाही नाही. मग त्याने बादलीभर खारे पाणी काढून तेवढेच गोडे घातले आणि थांबला. सगळे एका दिवसात उतरवायचे नसते, त्या धक्क्यानेही जीव जातो. पुढचे पाच दिवस तो रोज थोडे थोडे करत राहिला. मऊ जाती सावरल्या. शिंगाच्या दोन मोठ्या प्रवाळांची कातडी मात्र बुंध्यापासून वर सोलत गेली. ही दोन्ही त्याने बोटाएवढ्या तुकड्यांपासून पाच वर्षे वाढवलेली होती.

सहाव्या दिवशी त्याने कापणी आणून दाजींच्या हातात दिली. म्हणाला, "आबा, कलम तुम्ही करा. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." वरच्या शेंड्यांत अजून रंग होता. दाजींनी रोग जिथे संपतो त्याच्या बोटभर वर, निरोगी भागात काप घेतला. एकूण सात शेंडे निघाले. ते चकत्यांवर बसवून मध्यम उजेडात, हलत्या पाण्यात ठेवले. पहिल्या आठवड्यात तीन गेले. आम्ही परत निघालो तेव्हा उरलेल्या चारांपैकी दोघांची कातडी डिंकावरून खाली उतरून चकतीला धरत होती.

टाकीला आता गोठ्यातल्या हौदाला असतो तसा तरंगता गोळा बसवला आहे. पाणी उतरले की गोडे पाणी आपोआप येते. खाऱ्या पाण्याच्या पिंपावर भाच्याने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, 'आबा, हे नाही.' दाजी इकडे खरड छाटणीच्या गडबडीत असले तरी रविवारी फोन लावून आधी चौकशी करतात ती कलमांची. गेल्या खेपेला समजले, की एकाला बाजूने नवा फुटवा आला आहे, तांदळाच्या दाण्याएवढा, टोकाला निळसर.